भावाच्या वेळी आलेली चौकशी

जवळ सरक गं मुक्ता. अजून थोडी. वाचतानासुद्धा लांबून वाचू नको, तुझी ती सवय मला ठाऊक आहे, एक डोळा कागदावर आणि एक मांडीवरच्या मोबाइलवर. परवा तूच फोन करून विचारलंस, "आज्जी, तुझं नि आजोबांचं लग्न नक्की जमलं कसं?" मी हौसेनं सांगायला बसले, "अगं, आमच्या ऑफिसात एक बोर्ड होता..." एवढं म्हणते न म्हणते तोच, "आज्जी, थांब, दुसरा कॉल येतोय!" आणि माझ्या कानात ते पिपाण्यांचं गाणं लावून गेलीस ती गेलीसच. मी आपली ते गाणं ऐकत शेंगा सोलत बसले. शेंगा संपल्या, गाणंही बंद झालं. आमच्या वेळी कुणाला असं मध्येच लटकवलं असतं तर दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांपुढं उभं राहावं लागलं असतं, एवढं ध्यानात ठेव. म्हणून आता लिहूनच काढते. तुझ्याबरोबर आणखी कुणी हे वाचत असतील त्यांनीही सरका जवळ, सतरंजी मोठी आहे.

माझं माहेर लोह्याकडचं. कापूस, ज्वारी आणि घर भरून भावंडं. गावात सातवीपुढं शाळा नव्हती. सातवी झालेल्या पोरीचं पुढं काय करायचं याचा घरात खल चालला होता, तेवढ्यात नांदेडहून सोनामावशी आली आणि म्हणाली, "ही मला दे. माझ्या घरात बोलायला कुणी न्हाई." मावशीला मूलबाळ नव्हतं. काका होते, म्हणजे तिचे यजमान, पण ते जिनिंग फॅक्टरीत वजनकाट्यावर असत. दिवसभर गाडीवानांशी हुज्जत घालून त्यांचा घसा असा बसलेला असायचा की घरी आले की पाणी मागायचं तरी बोटानं. मावशी मात्र बोलायची ती थेट चुलीशी, तव्याशी, आमटीशी. "उकळ की गं बाई, कुणाची वाट बघून राहिलीस?" असं येसराच्या आमटीला दरडावायची. तिच्या हातचे धपाटे, वर लोण्याचा गोळा आणि पाट्यावर रगडलेली शेंगदाण्याची चटणी. मी तिच्याकडं आले तेव्हा काडी होते, वर्षाच्या आत माझ्या बांगड्या मनगटात अडकायला लागल्या.

जिनिंग म्हणजे कापसातनं सरकी वेगळी काढायची. हंगामात त्या यंत्रांचा घर्रर्र असा अखंड आवाज, आणि हवेत सगळीकडं कापसाचं पीस उडतंय. माणसं दुपारपर्यंत म्हातारी दिसायला लागायची, भुवयासुद्धा पांढऱ्या. त्या आवाजात ऑफिसातल्या टेलिफोनवर बसणाऱ्या बाईचं बोलणं कुणाला ऐकू जाईना. ती बिचारी शहरात वाढलेली, मंजूळ बोलायची. पुढं ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि परत यायची नाही म्हणून कळलं. तोवर मी नांदेडात मॅट्रिक झाले होते, मग काकांनी मला मॅनेजर साहेबांपुढं नेऊन उभं केलं. साहेब मुंबईकडचे, शर्टाला कायम इस्त्री, कापसाचं पीस दिसलं की चिमटीत धरून उचलायचे. ते व्हरांड्याच्या त्या टोकाला जाऊन उभे राहिले नि म्हणाले, "बोला काहीतरी." मला काय सुचणार? लहानपणी मी ज्वारीची राखण करायची, माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलायची. तीच आरोळी ठोकली, "हाऽऽ हाऽऽ हुर्र्यो!" छपरावरची सगळी कबुतरं उडाली. वजनकाट्याजवळ एका गाडीचे बैल उधळले. साहेब परत आले, चष्मा पुसला नि म्हणाले, "उद्यापासून या."

आता तो बोर्ड कसा होता ते नीट ऐक, त्याच्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. लाकडाचं उभं कपाट, देव्हाऱ्यापेक्षा थोडं मोठं. त्याच्या छातीवर पितळेच्या छोट्या छोट्या झाकण्या, ओळीनं. प्रत्येक झाकणीखाली एक भोक. एक झाकणी गोदामाची, एक वजनकाट्याची, एक फाटकाची, एक हिशेब खात्याची, एक साहेबांच्या केबिनची, आणि सगळ्यांत कडेला एक बाहेरगावची. गोदामातल्या माणसाला बोलायचं असलं की तो त्याच्या फोनचं हँडल गरागरा फिरवायचा. त्या फिरवण्यानंच वीज तयार व्हायची, तारेतनं यायची, बोर्डाच्या आतल्या लोहचुंबकात शिरायची. चुंबक झाकणीची कडी ओढायचं, नि झाकणी पडायची, टप्! तो टप् मला अजून झोपेत ऐकू येतो, आणि मी दचकत नाही, हसते. झाकणी पडली की मी टेबलावरची पिन उचलून त्या भोकात घालायची. पिनेला दोरी, दोरीच्या जोडीला दुसरी दोरी नि दुसरी पिन. "बोला!" "वजनकाटा द्या." मग दुसरी पिन वजनकाट्याच्या भोकात, हातानं बोर्डाचं हँडल फिरवायचं, तिकडं घंटी वाजायची, काका फोन उचलायचे. झाली जोडणी. बोलणं आटपलं की पिना उपसायच्या. टेबलाखाली दोरीला वजनं बांधलेली असत, ती दोरीला सर्रकन खाली ओढून घेत, नि पिन आपल्या जागी उभी, आज्ञाधारक पोरासारखी. कानाला ऐकायचं यंत्र, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला बोलायचा भोंगा. आरशात बघितलं तेव्हा मीच मला सलाम केला होता.

त्रास एकच, कापसाचं पीस. ते झाकण्यांच्या बिजागऱ्यांत जाऊन बसायचं. मग तिकडं माणूस हँडल फिरवून दमायचा नि इकडं झाकणी काही पडायची नाही. फाटकावर हमीदचाचा होते. त्यांच्या झाकणीवर पिसाचा विशेष लोभ. असं झालं की ते फाटक सोडून स्वतः येऊन खिडकीत उभे राहायचे. "बेटी, कबसे हँडल घुमारौं, हात रह गया मेरा! तेरी खिडकी सो गई क्या?" झाकणीला ते खिडकी म्हणत. मी मोरपिसानं झाकण्या झाडायची नि त्यांना म्हणायची, "चाचा, आता फाटकावर जा नि पुन्हा फिरवा." ते खरंच जायचे, फिरवायचे, टप् झालं की मी "बोला!" म्हणायची, नि ते म्हणायचे, "कुछ नहीं बेटी, देखना था."

आता दोरीच्या प्रत्येक जोडीपुढं एक खटका असायचा. तो माझ्याकडं ओढला की त्या दोघांच्या बोलण्यात मी पण आले. मधे ठेवला की मी बाहेर. नियम असा की जोडून दिलं की खटका मधे. कुणाचं ऐकायचं नाही. पण रोज एक वेळ अशी होती की सगळेच्या सगळे खटके मी एकदम ओढायची. ती भावाची वेळ. चहा झाला की मुंबईच्या पेढीवरून ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचा फोन, यायचा नि कापसाचा भाव सांगितला जायचा. तो गोदामाला हवा, वजनकाट्याला हवा, हिशेबाला हवा, साहेबांना हवा. फाटकाला का हवा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण चाचा रुसले असते. म्हणून मी आधीच सगळ्या भोकांत पिना घालून ठेवायची, सगळे खटके ओढायची, मग सगळ्या तारा माझ्या कानाशी एकत्र. तुम्ही आता ग्रुप कॉल, ग्रुप कॉल म्हणून नाचता, आम्ही तो खटके ओढून करत होतो. फक्त एक खोट होती. जितके फोन जोडावेत तितका आवाज पातळ होत जायचा, ताकात पाणी वाढवल्यासारखा. शेवटच्या माणसाला काही ऐकूच यायचं नाही. म्हणून मुंबईवाला जे बोलेल ते मी तुकड्यातुकड्यानं, आरोळीच्या आवाजात, सगळ्यांसाठी पुन्हा म्हणायची. त्याचा तुकडा, माझा तुकडा. आरतीसारखं. तोंडाला इतकी सवय झाली होती की डोक्याला त्रासच नाही.

त्या वेळेला नांदेडातला कुणी आमच्याकडं फोन करत नसे. सगळ्यांना माहीत, आता भाव चालू आहे. माहीत नव्हतं ते लातूरला.

लातूरचं असं झालं की उदगीरच्या एका पाहुण्यानं मावशीला स्थळ सुचवलं. मुलगा लातूरला दाळमिलमध्ये मशीनवर. घरची जमीन उदगीरच्या पलीकडं कर्नाटकाच्या शिवेवर, वडील लातुरात आडतीला. मुलगा आला तो चुलत्याला घेऊन, कारण वडिलांचा पाय मुरगळला होता. मावशीनं सुशीला केलं होतं. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचं, वर भरपूर दाण्याचं कूट नि कोथिंबीर, हे मी पुण्याकडच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते, नाहीतर ते म्हणतील ही सुशीला कोण आली मध्येच. चुलत्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले, नाव काय, शिक्षण किती, विळीवर बसता येतं का. मी खाली मान घालून उत्तरं दिली. मग चुलते मुलाला म्हणाले, "तुला काय इचारायचंय का?" त्यानं जरा विचार केला नि म्हणाला, "त्या बोर्डात एकाचा आवाज दुसऱ्याकडंच बरोबर कसा जातो?"

मुक्ता, काय सांगू तुला. माझी मान वर झाली ती झालीच. मी पदर खोचला, मधल्या सुशीलाच्या डिशा सरकवल्या, "ही डिश म्हणजे गोदाम. ही वजनकाटा. हा चमचा म्हणजे पिन," म्हणून मावशीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा आणला, चमच्यांना बांधला, नि चुलत्यांच्या डिशमधनं त्याच्या डिशमध्ये जोडून दाखवला. खटका म्हणून एक वाटी मधे ठेवली. तो पुढं वाकून बघत होता. "आणि हा खटका ओढला की?" "की मी पण आले मधे." "आणि सगळे खटके एकदम ओढले तर?" "तर भाव!" तो असा हसला की त्याच्या नाकातनं मुरमुरा आला. मावशी मागून माझ्या दंडाला चिमटे काढून राहिली होती. चुलते आपली डिश शोधत होते. आणि मला तेव्हाच कळलं की मला हा मुलगा पाहिजे. हात धुवायला उठला तेव्हा त्यानं जाताना दोऱ्याचा चमचा नीट परत जागेवर ठेवला, तेही मी बघून ठेवलं.

चार दिवसांनी पाहुण्याचा निरोप. मुलगा राजी. पण वडील म्हणतात आधी फॅक्टरीत चौकशी करतो, आणि दुसरं, सून टेलिफोनवर बसून परक्या माणसांशी बोलणार नाही. ते सोडावं लागेल. मावशी म्हणाली, "सोड की. बोलायला नवरा हाय." मी जेवले नाही. मावशीनं धपाटं पुढं केलं, मी मागं सारलं, हे त्या घरात पहिल्यांदा झालं. "मला तो पण पाहिजे आन् बोर्ड पण पाहिजे," मी म्हणाले. मावशी तव्याकडं बघून म्हणाली, "ऐकलंस का रे? दोन्ही हातात लाडू पाहिजेत पोरीला." काकांनी बोटानं पाणी मागितलं.

तर तो दिवस. भावाची वेळ. सगळ्या पिना भोकांत, सगळे खटके माझ्याकडं. कानात सगळी फॅक्टरी. गोदामातले मारोतराव पान चघळतायत ते ऐकू येतंय, फाटकावर बैलांची घुंगरं, हिशेब खात्यातल्या पाठकबाई पेन्सिलीला टोक काढतायत. बाहेरगावची झाकणी पडली, टप्. पिन घातली. ट्रंकवाली बाई, म्हणजे सरकारी एक्स्चेंजातली फोन जोडून देणारी, रोजच्यासारखी म्हणाली, "ट्रंक आहे, घ्या," नि बाजूला झाली. मी आरोळी दिली, "चला, घ्या भाव!" आणि विहिरीच्या तळातनं यावा तसा आवाज आला.

"तुमच्याकडं टेलिफोनवर..."

"तुमच्याकडं टेलिफोनवर!" मी खणखणीत.

"शकुंतला नावाची..."

"शकुंतला नावाची!"

"एक पोरगी बसती..."

"एक पोरगी बसती!"

"ती वळणाला कशी हाय?"

"ती वळणाला कशी..." आणि इथं माझं तोंड उघडंच राहिलं. 

 मारोतराव, पान बाजूला सारून, "का वो, आज कापसाचा भाव न्हाई का?"

माझा हात बाहेरगावच्या पिनेवर गेला. उपसली तर फोन तुटणार. मुलाच्या बापाचा फोन तोडला म्हणजे लग्न तुटलं. बाकीच्या पिना उपसाव्यात, तर त्या पाच, हात दोन. तेवढ्यात तिकडून, माझ्याशिवायही सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून, "हॅलो! कोण बोलून राहिलं?"

"गोदाम."

"मला गोदाम नको. मॅनेजर पाहिजेत."

"मॅनेजर बोलतोय," साहेब केबिनमधून. "आपण मुंबईहून ना?"

"लातूरहून. मुलाकडला."

मुलाकडला! तेवढ्या एका शब्दावर पाच फोनांमागची पाच माणसं खुर्चीत सरळ झाली असणार. साहेब जरा अडखळले. "हे बघा, मुलगी कामाला चोख आहे. पण ही आमची भावाची वेळ आहे, आपण दुपारी..."

"साहेब," पाठकबाईंचा आवाज आला, "भाव रोज येतो. असा फोन रोज नाही येत. बोलू द्या त्यांना."

"ही बाई कोण?"

"हिशेब खातं."

"यप्पा! किती जणं हाव वो तिथं?" त्यांच्या बोलण्यात अर्धं कानडी यायचं, घाबरले की जास्तच.

मग कुणी सांगायचं उरलं? सगळे एकदम सुटले. मारोतराव म्हणाले, "आवाज लई मोठा हाय बघा तिचा. शेतात रेडिओ न्यायची गरज न्हाई." चाचा म्हणाले, "साब, हीरा है हीरा! मेरे हाथ के वास्ते रोज झाडू मारती खिडकीको!" लातूरच्या म्हाताऱ्याला याचा काय अर्थ लागला असेल देव जाणे. पाठकबाई म्हणाल्या, "स्वयंपाकाचं मी सांगू शकत नाही, डबा मावशीचा असतो." तेवढ्यात एक घोगरा, नाकातनं काढलेला, कधी न ऐकलेला आवाज बोलला, "सैपाक येतो. धपाटे चांगले करती." ते काका होते! मुलीच्या घरच्यांनी चौकशीत बोलायचं नसतं, म्हणून आवाज बदलून. घरी पाणीसुद्धा बोटानं मागणारा माणूस! आणि मी धपाटे कधी केलेच नव्हते, सगळे मावशीचे.

"थांबा, थांबा," लातूरचा आवाज चढला. "मला एकच सांगा. टेलिफोनवर बसून ती लोकांचं बोलणं चोरून ऐकती का? तसली सवय माझ्या घरात चालायची न्हाई."

"न्हाई!" सगळे एकदम. गोदाम, काटा, फाटक, हिशेब, आणि साहेबसुद्धा. माझ्या कानातलं यंत्र थरारलं. पाच जण दुसऱ्याच्या फोनला कान लावून बसले होते आणि पाचही जण एका सुरात सांगत होते की आमच्याकडं कुणी कुणाचं ऐकत नाही. मी तोंडात पदर कोंबला. मला रडू येत होतं का हसू, मला आजही सांगता यायचं नाही.

आणि त्यात ट्रंकवाली बाई मध्ये आली. "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?"   आणि उत्तराची वाट न बघता तीच हळूच म्हणाली, "वाढवा हो काका. पोरगी चांगली आहे, रोज बोलते माझ्याशी."

"तुम्ही बी?" म्हातारा ओरडला. "वाढवा! वाढवा म्हणतो! आन् ती पोरगी कुठं हाय ते सांगा मला!"

  मी तोंडातला पदर काढला.

"मी हितंच हाय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुमचं बोलणं मोठ्यानं कोण सांगून राहिलं होतं, असं वाटतंय तुम्हाला?"

तिकडं काहीतरी पडल्याचा आवाज झाला. नंतर कळलं, आडतीतल्या वजनाच्या मापांना पाय लागला होता, तोच मुरगळलेला. विव्हळत विव्हळत ते म्हणाले, "मग ऐकलंस सगळं. आता तू सांग. लग्न झाल्यावर हे काम सोडशील का न्हाई?"

पाठकबाईंची पेन्सिल थांबलेली मला ऐकू आली. खोटं नाही सांगत, थांबलेली पेन्सिलसुद्धा ऐकू येते. माझ्या डोळ्यांपुढं तो नाकातनं मुरमुरा आलेला चेहरा आला, आणि दुसऱ्या बाजूला त्या पितळेच्या झाकण्या. 'सोडते' म्हटलं असतं तर तिथंच सगळं गोड झालं असतं. मावशीनं तेच शिकवलं होतं, आत्ता हो म्हण, पुढचं पुढं. पण मी सगळ्या फॅक्टरीपुढं बोलत होते. तिथं खोटं कसं बोलणार?

"न्हाई सोडणार," मी म्हणाले. "मुलगा मला लई आवडला. पण काम न्हाई सोडणार."

"या अल्ला," चाचा पुटपुटले. काकांनी खऱ्या आवाजात खोकून घेतलं. मुलीनं 'मुलगा आवडला' म्हणणं, तेही सासऱ्याला, तेही ट्रंकवर! मारोतरावांचं पान बहुतेक गिळलं गेलं, कारण ते पुढं तासभर उचक्या देत होते.

आणि मग लातूरहून एक आवाज यायला लागला. आधी मला वाटलं तार खराब झाली. मग कळलं, म्हातारा हसतोय. खो खो हसतोय, मध्ये "अग्गाई, पाय!" म्हणतोय, परत हसतोय.

"पोरी," ते म्हणाले, "माझ्या घरात सगळे एकदम बोलतेत. माझी बायको, तीन सुना, चार पोरं, सगळे एकदम. कोण कुणाला काय म्हणून राहिलं कुणाला कळत न्हाई. आजपातूर मला वाटायचं माझ्याच घरात असं हाय. आता बघून राहिलो तर सरकारी ट्रंकवर पण तेच." मग आवाज खाली आला. "तुला घरात बसवून ठेवलं तर हे सगळे माझ्या दारात येऊन बसतील, खरं का न्हाई?"

"येऊच की!" मारोतराव, उचकी देत.

"मग लातुरात बोर्ड शोध. तुझा तूच शोध, मला त्यातलं कळत न्हाई. मॅनेजर साहेब, ऐकून राहिलात ना? पोरीच्या घरच्यांना सांगा, तिथी काढा म्हणावं. कुठं असतेत ते?"

"वजनकाट्यावर," असं सगळे एकदम म्हणाले. आणि काकांचा घसा, जो वर्षानुवर्षं बसलेला होता, तो अचानक मोकळा झाला. "रामराम पाहुणं! मीच तो! सैपाकाचं सांगणारा पण मीच!"

मुंबईचा भाव त्या दिवशी उशिरा आला. मी तुकड्यातुकड्यानं सांगत होते नि मध्येच फुटत होते. "लांब धाग्याचा..." म्हटलं की पाठकबाई फिस्स करायच्या. साहेब म्हणाले, "शकुंतलाबाई, जरा गांभीर्यानं," आणि स्वतःच खुदकन हसले. संध्याकाळी घरी आले तर माझ्याआधी बातमी पोचलेली. मावशी दारात कमरेवर हात देऊन. "चौकशी गुपचूप करायची असती गं बाई! गुपचूप! तू तर दवंडी पिटलीस!" म्हणत तिनं मला आत ओढलं, माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि पहिल्यांदाच माझ्या हातात पिठाचा गोळा देऊन म्हणाली, "थाप. धपाटे येतात म्हणून सांगितलंय तुझ्या काकानं. आता त्यांची लाज राख."

लातुरात मला बोर्ड मिळाला, एका दवाखान्याचा, नि केस पिकेपर्यंत मी त्याच्यावर बसले. मामंजी, म्हणजे तेच सासरे, रोज मला सोडायला यायचे, लंगडत. रस्त्यात ओळखीचा भेटला की सांगायचे, "हिची चौकशी केली तवाच पाय कायमचा गेला." तुझे आजोबा आता इथंच बसलेत, कान गेलेत त्यांचे. मी काय लिहिते विचारतायत, मी ओरडून सांगते, नि शेजारच्या घरातनं उत्तर येतं.

आता मूळ गोष्ट. तुझ्या आईनं मला सांगितलंय, कुणीतरी एक मुलगा आहे. घाबरू नको, आई रागावली नाही, मला विचारत होती कसं विचारावं ते. तू म्हणे त्याच्याबद्दल फोनात शोधून राहिलीस, कुठं शिकला, कुणाबरोबर फोटो, काय लिहितो. अगं, असं कुणी कळतं का? येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, त्याला घेऊन ये. सगळे शेतात असतील, ज्वारीत कडब्याची कोपी केलेली असेल, ताकातल्या आंबिलाचं बिंदगं काठोकाठ भरलेलं असेल. तुझे तीन काका, चार आत्या, मी, आजोबा, सगळे एका पंगतीत बसू नि त्याला तोंडावर विचारू. त्यानंही विचारावं, तुझ्याबद्दल जे वाटेल ते, आम्ही सगळे एकदम उत्तर देऊ. त्यातनं जो पळाला नाही तो आपला. त्या दिवशीची पालेभाज्यांची भज्जी त्याला कितपत तिखट चालते तेवढं आधी कळव, बाकी काही आधी कळवायची गरज नाही. लवकर ये गं.